तिन्ही धर्मांचे लोक एकत्र उभे राहिले की अतिरेक थांबतो का?

प्रश्न थोडक्यात असा आला आहे: “मी मूळचा डोंबिवलीचा, बारा वर्षं मँचेस्टरला आहे. २ ऑक्टोबर २०२५ला, योम किप्पूर या ज्यूंच्या सर्वांत पवित्र दिवसाच्या सकाळी, इथल्या हीटन पार्क सिनेगॉगवर, म्हणजे ज्यूंच्या प्रार्थनास्थळावर, हल्ला झाला, दोन माणसं गेली. दोनच दिवसांनी तिकडे दक्षिणेला पीसहेवनमध्ये मशिदीला आग लावली. दोन्ही वेळा रब्बी, पाद्री आणि इमाम एकत्र आले, निषेधाचं पत्रक निघालं, फोटो छापून आले. आमच्या मराठी ग्रुपवर मात्र ‘यांचं हे असंच चालायचं’ यापलीकडे कुणी काही बोललं नाही. खरं सांगा, या एकत्र येण्याने एक तरी अतिरेकी थांबतो का? आणि आम्ही ना ज्यू, ना ख्रिश्चन, ना मुस्लिम. आमचं यात काय काम?”

मी वसईची, कॅथलिक. एकवीस वर्षं उत्तर लंडनमध्ये मशीद, सिनेगॉग आणि चर्च यांच्यात समन्वयाचं काम करते. कागदावर पदाचं नाव मोठं आहे. प्रत्यक्षात निरोप पोचवायचे, हॉलच्या किल्ल्या सांभाळायच्या आणि भांडण झालं की दोन्ही घरी वेगवेगळं जाऊन बसायचं.

पत्रक वाचून सुरी खाली ठेवली असा अतिरेकी मी एकही पाहिलेला नाही, आणि कुणी पाहिला असेल असं वाटत नाही. तेव्हा तुमची शंका रास्त आहे. पण लग्नाच्या फोटोवरून संसार कसा चाललाय ते जसं कळत नाही, तसंच या फोटोंचं आहे. हे काम कुणासाठी असतं ते आधी बघा. हल्ला करणारा एक असतो, त्याला मदत करणारे चार-दोन. त्यांच्या मागे शे-दोनशे माणसं अशी असतात ज्यांना तो अजिबात पटत नाही, पण ती बोलत नाहीत. ‘आपलाच पोरगा आहे, बाहेरच्यांच्या हातात कोलीत कशाला द्या.’ अतिरेक्याचं खरं भांडवल म्हणजे ही गप्प बसलेली माणसं. त्याला हादरा बसतो तो त्याच्याच घरातलं कुणीतरी उभं राहून ‘नाही, हे आमचं नव्हे’ म्हणतं तेव्हा. आम्ही बाहेरच्यांनी करायचं ते इतकंच, की तो नकार उच्चारणं त्या माणसाला जरा कमी महागात पडावं.

याचं मला माहीत असलेलं सगळ्यात ठळक उदाहरण आपल्या मुंबईचं आहे. नोव्हेंबर २००८मध्ये कुलाब्याच्या नरिमन हाऊस या ज्यू केंद्रात रब्बी गॅव्रिएल होल्ट्झबर्ग, त्यांची पत्नी रिव्का आणि आणखी चार जण मारले गेले. त्यांचा दोन वर्षांचा मोशे वाचला, कारण त्याला सांभाळणारी सँड्रा सॅम्युएल त्याला कवटाळून जीव मुठीत धरून बाहेर पळाली. ज्यू घरातलं मूल ख्रिश्चन बाईने वाचवलं, हे जगभर छापून आलं. त्यानंतर मरीन लाइन्सला जे झालं ते मात्र पुष्कळांच्या लक्षात राहिलं नाही.

मारल्या गेलेल्या नऊ हल्लेखोरांची प्रेतं जेजेच्या शवागारात होती. बड्या कब्रस्तानाचा कारभार पाहणाऱ्या जामा मशीद ट्रस्टने सांगून टाकलं, की निरपराध माणसांना मारणारे हे मुसलमान नव्हेत, यांना आमच्या जमिनीत जागा नाही. दफन ही इस्लाममध्ये फर्ज-ए-किफाया आहे. म्हणजे मृताला माती देणं हे साऱ्या वस्तीवरचं कर्तव्य. कुणीतरी ते पार पाडलं की सगळे सुटले, कुणीच पाडलं नाही तर दोष सगळ्यांवर. बेवारस प्रेत आलं तरी कब्रस्तान त्याला जागा देतं. ती जागा नाकारायची म्हणजे काय, हे ट्रस्टच्या माणसांना तुमच्याआमच्यापेक्षा जास्त कळत होतं. प्रेतं वर्षाहून जास्त काळ पडून राहिली. शेवटी जानेवारी २०१०मध्ये सरकारनेच ती गुपचूप पुरली, आणि एप्रिलमध्ये आर. आर. पाटलांनी विधिमंडळात ते सांगितलं तेव्हा लोकांना कळलं. मेलेल्याला माती नाकारावी का, यावर धर्मशास्त्राच्या अंगाने वाद घालता येईल. पण ‘तुम्ही आमच्या नावाने हे केलंत आणि आम्ही तुम्हाला ओळखत नाही’ हे याहून स्वच्छ शब्दांत सांगितलेलं मला आठवत नाही.

लंडनमधल्या एका इमामांना मी ही हकिगत सांगितली. ते कितीतरी वेळ चहाच्या कपाकडे बघत राहिले. मग म्हणाले, “इथे असं म्हणायला किती मोठी छाती लागेल, कल्पना आहे तुम्हाला?” मला होती, म्हणूनच सांगितली. मुंबईत तो नकार देणाऱ्या माणसाला संध्याकाळी परत त्याच मोहल्ल्यात, त्याच शहरात राहायचं होतं, आणि तिथे पिढ्यान् पिढ्यांचे शेजारी होते. भायखळ्याला ज्यूंनी काढलेल्या शाळेत आज बहुतेक मुलं मुस्लिम घरांतली आहेत. असल्या गोष्टींची बातमी होत नाही. पण वेळ येते तेव्हा माणूस त्यांच्याच जोरावर बोलतो. लंडनमध्ये आलेल्या माणसाला हा आधार मिळालेला नसतो, तो बांधावा लागतो.

तो कसा बांधतात? देवाबद्दल चर्चा करून तर नक्कीच नाही. सुरुवातीची दोन वर्षं मी तेच करत होते. अब्राहम आपल्या तिघांचा बाप, त्यावर व्याख्यानं, पुढे समोसे. यायची तीच वीस माणसं, आणि ती आधीपासूनच एकमेकांशी चांगली वागणारी होती. माणसं खरी बांधली गेली ती अडचणींनी.

इंग्लंडमधली अशी पहिली अडचण परत दफनाचीच. ज्यू आणि मुस्लिम दोघांतही मृताला होता होईल तो त्याच दिवशी, नाहीतर दुसऱ्या दिवशी माती देतात. मृत्यू अचानक झाला असेल तर इथे कॉरोनरच्या, म्हणजे मृत्यूचं कारण तपासणाऱ्या अधिकाऱ्याच्या, परवानगीशिवाय प्रेत हलत नाही. २०१७मध्ये उत्तर लंडनच्या एका भागात नियम आला, की प्रकरणं रांगेने घेतली जातील, धर्माच्या कारणाने कुणालाही पुढे घेणार नाही. ऐकायला समतेचा वाटतो. पण घरात बाप गेलाय आणि शनिवार-रविवार मध्ये आलाय, अशा घरात जाऊन बसलात तर त्यातली क्रूरता कळते. स्टॅमफर्ड हिलच्या हासिदी, म्हणजे कर्मठ पंथाच्या ज्यूंची दफन संस्था उच्च न्यायालयात गेली आणि एप्रिल २०१८मध्ये न्यायालयाने तो नियम बेकायदा ठरवला. दावा ज्यूंनी लढला, पण त्या दिवशी सुटकेचा निःश्वास मुस्लिम घरांनीही टाकला. व्याख्यानाला कधी न आलेले दोन्हीकडचे दफनाचे कार्यकर्ते त्या काळात एकमेकांना फोन करायला लागले. मध्यरात्री दोनला फोन उचलणारा माणूस तुमच्या धर्माबद्दल काय मानतो याने मग फारसा फरक पडत नाही.

दुसरी अडचण सुरक्षेची. ब्रिटनमधले ज्यू आपल्यावरच्या हल्ल्यांची नोंद १९८४पासून पद्धतशीर ठेवतात. कम्युनिटी सिक्युरिटी ट्रस्टकडे त्याचं सगळं तंत्र आहे. काय विचारायचं, शिवीगाळ आणि धमकी वेगळी कशी काढायची, पोलिसांकडे कोणत्या रूपात द्यायचं. २०१२मध्ये मुस्लिमांवरच्या हल्ल्यांची नोंद ठेवणारी ‘टेल मामा’ ही संस्था सुरू झाली तेव्हा ज्यूंनी आपलं हे ज्ञान त्यांना मोकळेपणाने दिलं. पुढच्याच वर्षी त्याचा उपयोग झाला. मे २०१३मध्ये वुलिचच्या रस्त्यावर ली रिग्बी या सैनिकाची दोन मुस्लिम अतिरेक्यांनी हत्या केली, आणि मशिदींवर सूड उगवला जाऊ लागला. तेव्हा स्टॅमफर्ड हिलमध्ये ज्यूंचं शोमरिम हे गस्तीपथक मशिदींवरूनही फेऱ्या मारू लागलं. ५ जूनला मसवेल हिलमधलं सोमाली मुस्लिमांचं केंद्र जाळलं गेलं. रमजान महिन्यावर आला होता आणि नमाजाला जागा नव्हती. फिंचलीच्या एका सिनेगॉगने आपलं दार उघडलं, आणि रमजानातल्या काही रात्री त्या लोकांची प्रार्थना तिथे झाली. बूट काढून सिनेगॉगमध्ये शिरणारी ती मुलं आज विशी-पंचविशीची असतील. ज्यूंविरुद्धचा एखादा व्हिडिओ त्यांच्या फोनवर येत असेल तेव्हा त्यांना ते दार आठवत असेल, अशी मला आशा आहे.

नकार फक्त अतिरेक्याला द्यायचा असतो असंही नाही. कधी तो आपल्याच लोकांच्या संतापाला द्यावा लागतो. १९ जून २०१७ला, तरावीहची, म्हणजे रमजानातली रात्रीची नमाज आटोपून लोक घरी निघालेले असताना फिन्सबरी पार्कमध्ये एकाने गर्दीवर व्हॅन घातली. एक माणूस गेला, कितीतरी जखमी झाले. लोकांनी चालकाला धरला. त्याचं तिथे काय झालं असतं हे सांगायला नको. मोहम्मद महमूद नावाचे इमाम पुढे झाले, काही जणांना घेऊन त्याच्याभोवती उभे राहिले आणि पोलिसांच्या हवाली करेपर्यंत त्याला हात लावू दिला नाही. त्याच भागातली फिन्सबरी पार्क मशीद काही वर्षांपूर्वी अबू हमझा या जहाल प्रचारकाचा अड्डा म्हणून बदनाम झाली होती. २००५मध्ये तिथल्याच मुस्लिमांनी नवे विश्वस्त आणून ती परत ताब्यात घेतली. जुन्या टोळीला बाहेर काढताना कोण कुठे उभा होता हे परिसरातले म्हातारे अजून नावानिशी सांगतात.

आता ज्यावर माझे सहकारी माझ्याशी भांडतात ते सांगते. माझं मत असं, की या कामात गोड बोलणाऱ्यांपेक्षा कर्मठ माणसं जास्त उपयोगी पडतात. उदारमतवादी रब्बी आणि उदारमतवादी इमाम यांची मैत्री व्हायला वेळ लागत नाही, पण ज्यांच्यावर परिणाम व्हायला हवा ती मुलं त्या दोघांनाही आपलं मानत नाहीत.

शेख अब्दुल्ला निम्र दरवीश यांचं उदाहरण घ्या. जन्म १९४८चा, गाव इस्रायलमधलं कफ्र कासिम. १९५६च्या ऑक्टोबरात याच गावात, संचारबंदी लागल्याचं माहीत नसलेल्या, शेतावरून परतणाऱ्या जवळजवळ पन्नास गावकऱ्यांना इस्रायलच्या सीमा पोलिसांनी गोळ्या घातल्या. दरवीश तेव्हा आठ वर्षांचे. अशा गावातला मुलगा पुढे कोणत्या वाटेला जाईल? ते त्याच वाटेला गेले. इस्रायलमधली इस्लामी चळवळ त्यांनी उभी केली, आणि १९८०च्या दशकाच्या सुरुवातीला सशस्त्र गटाच्या प्रकरणात तुरुंगात गेले. बाहेर आले ते हिंसा सोडून. श्रद्धा तसूभर कमी झाली नव्हती, आणि तेच त्यांचं बळ होतं. १९९६मध्ये इस्रायलच्या निवडणुका लढवाव्यात की नाही यावरून चळवळ फुटली, तेव्हा ते लढवणाऱ्यांच्या बाजूला राहिले. रब्बी मायकेल मेल्खिऑर यांच्याशी त्यांचं सूत जुळलं. मेल्खिऑरही पक्के सनातनी ज्यू.

हेच मेल्खिऑर २१ जानेवारी २००२ला अलेक्झांड्रियात होते. कँटरबरीचे आर्चबिशप जॉर्ज कॅरी आणि कैरोच्या अल-अझहर या इस्लामी विद्यापीठाचे शेख तंतावी यांच्या पुढाकाराने तिन्ही धर्मांच्या नेत्यांनी तिथे जाहीर केलं, की देवाच्या नावाने निरपराधांना मारणं हा त्याच्याच पवित्र नावाचा अपमान आहे. तेव्हा दुसरा इंतिफादा, म्हणजे पॅलेस्टिनींचा उठाव, पेटलेला होता आणि त्या कागदाने तो विझला नाही. तुमच्या प्रश्नाचा रोख बरोबर इथेच आहे. पण दरवीश आणि मेल्खिऑर यांनी कागदावर समाधान मानलं नाही. दोघंही वर्षानुवर्षं आपापल्या कडव्या माणसांकडे जात राहिले. दरवीश २०१७मध्ये गेले. २०२१मध्ये त्यांचे शिष्य मन्सूर अब्बास यांचा पक्ष इस्रायलच्या आघाडी सरकारात सामील झाला. स्वतंत्र अरब पक्षाने असं करण्याची ती पहिलीच वेळ. सरकार वर्षभरच टिकलं, हे खरं. पण तुरुंगातून बाहेर पडलेल्या एका शेखच्या शिष्याने बंदुकीऐवजी मंत्रिमंडळाशी वाटाघाटी केल्या, आणि त्यामागे तीसेक वर्षांचं काम होतं. आमच्या धंद्यात हिशेब असाच लांबचा धरावा लागतो.

ज्यूंच्या बाजूलाही अशी माणसं आहेत. डिसेंबर २००९मध्ये पॅलेस्टिनी वेस्ट बँकमधल्या यासूफ गावातली मशीद जाळली गेली, संशय ज्यू वसाहतवाल्यांवर होता. तिथे नवे कुराण घेऊन गेले ते रब्बी मेनाखेम फ्रोमन. ते स्वतः तेकोआ या वसाहतीत राहणारे. तेल अवीवच्या एखाद्या शांततावाद्याने तेच केलं असतं तर वसाहतींमधल्या पोरांनी खांदे उडवले असते. फ्रोमन त्यांच्यातलेच होते, म्हणून त्यांचं जाणं त्यांना झोंबलं.

जून २०१५मध्ये मात्र आग आमच्या घरापर्यंत आली. गालील समुद्राच्या काठी ताबघा इथे भाकरी आणि मासे यांच्या चमत्काराचं चर्च आहे. वसईहून पवित्र भूमीच्या यात्रेला जाणारे बहुतेक तिथे थांबतात, मीही थांबले होते. वेदीपुढे जमिनीवर जुनं रंगीत खड्यांचं चित्र आहे, दोन मासे आणि मधे टोपलीत भाकरी. भाकरी मोजल्या तर चारच भरतात. पाचवी वेदीवर असते असं आम्हाला तिथल्या बाईंनी सांगितलं होतं. १८ जूनच्या पहाटे ज्यू अतिरेक्यांनी चर्चच्या इमारतीला आग लावली आणि भिंतीवर हिब्रूत प्रार्थनेतली एक ओळ लिहिली, खोटे देव नष्ट होवोत अशा अर्थाची. बातमी ऐकून माझ्या मनात जे आलं ते मी इथे लिहिणार नाही. दुसऱ्या दिवशी आमच्या सिनेगॉगच्या सचिव बाई माझ्या दारात उभ्या होत्या. म्हणाल्या, “ती ओळ मी रोज म्हणते. काल रात्री ती म्हणताना माझा आवाज फुटला नाही.” तिकडे इस्रायलमध्येही रब्बींनी दुरुस्तीसाठी पैसे गोळा केले, खटला उभा राहिला, गुन्हेगाराला शिक्षा झाली. पण माझ्या मनातला राग शांत झाला तो त्या बाईंच्या एका वाक्याने.

इथे मला आमच्या, ख्रिश्चनांच्या घराबद्दलही बोललं पाहिजे, नाहीतर हे सगळं फुकट आहे. माझी आजी अत्यंत मायाळू होती. ठाण्याच्या एका बेने इस्रायल, म्हणजे मराठी ज्यू डॉक्टरांवर तिचा देवासारखा विश्वास. आणि तरी दर गुड फ्रायडेला ती म्हणायची, “ज्यूंनी येशूला मारलं.” तिला त्यात काही विसंगत वाटत नसे. त्या डॉक्टरांना ते वाक्य ऐकू गेलं असेल का, हा विचार मला फार उशिरा शिवला. आजीने ते वाक्य स्वतः रचलं नव्हतं. शतकानुशतकं चर्चनेच ते शिकवलं होतं. गुड फ्रायडेच्या लॅटिन प्रार्थनेत ज्यूंसाठी जो अपमानाचा शब्द होता तो पोप तेविसावे जॉन यांनी १९५९मध्ये काढला. पुढच्या वर्षी जूनमध्ये ज्यूल इझाक हे फ्रेंच ज्यू इतिहासकार त्यांना भेटायला गेले. इझाक यांची पत्नी आणि मुलगी ऑशविट्झला मारल्या गेल्या होत्या. त्यांनी पोपसमोर ठेवलं ते चर्चच्या तिरस्काराच्या शिकवणुकीचं टिपण. त्यातून सुरू झालेलं काम २८ ऑक्टोबर १९६५ला ‘नोस्त्रा एताते’ या घोषणेपर्यंत पोचलं. येशूच्या मृत्यूचा दोष सगळ्या ज्यूंवर टाकता येणार नाही, हे चर्चने मान्य केलं. मुस्लिमांबद्दलही आदराने लिहिलं. बाजूने २,२२१ मतं पडली, विरोधात ८८. ज्या संस्थेला आपण कधी चुकतो असं म्हणायची सवय नव्हती तिने आपल्याच शिकवणीला दिलेला हा नकार होता. तो मागायला एक ज्यू माणूस गेला, पण द्यावा लागला आम्हालाच. आमच्या आजीपर्यंत तो कधी पोचला नाही. म्हणून रोमच्या किंवा अबू धाबीच्या कितीही चांगल्या घोषणा आल्या तरी मी विचारते, ही आजीपर्यंत कोण नेणार?

७ ऑक्टोबर २०२३नंतर काय झालं हे सांगायलाच हवं, कारण तेव्हा आमचं पुष्कळ काही मोडलं. हमासचा हल्ला, ओलीस, मग गाझातले मृत्यू. ब्रिटनभर आमच्यासारखे कितीतरी गट बंद पडले. आमची बैठक चर्चच्या हॉलमागच्या स्वयंपाकघरात व्हायची. तिथे तीन खण आहेत, निळी पट्टी कोशरच्या, म्हणजे ज्यूंच्या आहारनियमांच्या भांड्यांना, हिरवी हलालच्या, तिसऱ्याला पट्टी नाही. नोव्हेंबरच्या बैठकीला मी अकरा खुर्च्या मांडल्या आणि चार माणसं आली. किटली उकळून बंद झाली तरी कुणी उठेना.

मग मशिदीचे एक वयस्कर विश्वस्त, ज्यांना आम्ही सगळे चाचा म्हणतो, त्यांनी खिशातून घडी केलेले कागद काढले आणि टेबलावर ठेवले. मशिदीच्या चपलांच्या मांडणीत कुणीतरी ही पत्रकं खोचून गेलं होतं. जवळच्या एका ज्यू शाळेचा पत्ता आणि सुटायची वेळ त्यात छापलेली. चाचांनी एकूणएक वेचली, शाळेला आणि पोलिसांना त्याच तासाला कळवलं, आणि शुक्रवारी खुतब्यानंतर, म्हणजे प्रवचनानंतर, स्वतः माइक घेतला. म्हणाले, ज्याने हे ठेवलं तो आपल्यातला असेल तर त्याने मला येऊन भेटावं, कारण शाळेतून मुलं बाहेर पडतात, सैन्य नाही. दोन तरुण तावातावाने उठून गेले. एका जुन्या मित्राने त्यांच्याशी सलाम बंद केला, तो अजून बंदच आहे.

हे सांगून झाल्यावर ते मला म्हणाले, “बेटी, यावेळी मला कशावर सही करायला सांगू नकोस. सही केली तर माझी पोरं म्हणतील, चाचा त्यांचा झाला. मग घरात माझं कोण ऐकणार?”

मी तयार करून आणलेला मसुदा पिशवीतच ठेवला.

सिनेगॉगच्या सचिव बाईही आल्या होत्या. त्यांच्या ग्रुपवर कुणीतरी गाझातल्या मुलांबद्दल असं काही लिहिलं होतं की त्यांनी ‘हे आपल्या तोराहत बसत नाही’ एवढंच उत्तर टाकलं. आठवडाभर त्यांच्याशी कुणी धड बोललं नव्हतं. त्या दोघांनी त्या संध्याकाळी युद्धाबद्दल एकही शब्द काढला नाही. त्यावर त्यांचं एकमत नाही आणि होणारही नाही. चाचांनी उठून निळ्या खणातला कप काढला आणि त्यांच्यासाठी चहा केला.

आणि मी? त्याच महिन्यात आमच्या चर्चमधल्या एका सज्जन गृहस्थाने मुस्लिमांविरुद्धची एक चित्रफीत सगळ्यांना पाठवली होती. मला त्याला बोलायला तीन आठवडे लागले. आजारी आहे, म्हातारा आहे, वाईट वाटेल, अशी कारणं मी शोधत होते. दुसऱ्यांना वर्षानुवर्षं जे करायला सांगत होते ते स्वतःवर आलं तेव्हा कळलं की किती जड जातं. शेवटी मिस्सानंतर बाजूला घेऊन बोलले. त्याने ऐकून घेतलं. पटलं का, ते त्याचं तो जाणे, पण पुढची चित्रफीत आली नाही.

तुम्ही मँचेस्टरमध्ये यात पडायचं ठरवलंत तर एक गोष्ट पहिल्या दिवसापासून सांभाळा. आपला गट पोलिसांचा कान होऊ देऊ नका. इथल्या ‘प्रिव्हेंट’ धोरणाखाली २०१५पासून शाळा-रुग्णालयांवर कट्टरतेची शंका आली की कळवण्याची कायदेशीर जबाबदारी आहे, आणि अनेक मुस्लिम घरांत त्याची धास्ती आहे. तुमच्याशी बोललेलं चौकीवर पोचतं असा एकदा समज झाला की कुणी आई तुम्हाला ‘पोरगा हल्ली रात्रभर काहीतरी बघत बसतो’ असं सांगणार नाही, आणि ते वाक्य वेळेत कानावर येणं फार मोलाचं असतं. आमचा नियम असा: कुणाच्या जिवाला धोका दिसला तर तत्काळ पोलीस, त्यात चर्चा नाही. बाकी सगळं त्या घराच्या संमतीने. हा नियम बैठकीत सगळ्यांसमोर मोठ्याने सांगायचा, पोलिसांच्या प्रतिनिधीसमोरसुद्धा.

तुमचं यात काय काम, असं विचारलंत. तिघांपैकी कुणाचेच नाही, ही तुमची सोय आहे. मशिदीत बैठक ठेवली की सिनेगॉगवाले बिचकतात, सिनेगॉगमध्ये ठेवली तर दारावरची तपासणी मुस्लिमांना बोचते. महाराष्ट्र मंडळाच्या हॉलमध्ये दोघंही येतील. फक्त जेवणात काय चालतं ते आधी विचारा. शाकाहारी केलंत तरी कोशर पाळणाऱ्याला तुमच्या भांड्यांतलं चालेलच असं नाही. फळं आणि कागदी बशा ठेवा, प्रश्न मिटतो. शुक्रवारची संध्याकाळ आणि शनिवार टाळा, शुक्रवारची दुपार टाळा, रविवारची सकाळ टाळा. विषय देवाचा घेऊ नका, पार्किंगचा किंवा शाळेच्या रस्त्यावरच्या दिव्यांचा घ्या.

पण हॉलच्या आधी तुमचा तो मराठी ग्रुप. ‘यांचं हे असंच चालायचं’ हे तिथे लिहिलं गेलं, तुम्ही ते वाचलंत, तुम्हाला खटकलं, आणि मग तुम्ही मला पत्र लिहिलंत. मला लिहिलंत याचा आनंद आहे. आता त्या ग्रुपवर लिहा. लांबलचक नको, ज्याने लिहिलं त्याला उघडं पाडणारंही नको. त्याला फोन करून सांगितलंत तर आणखी चांगलं. काय म्हणाला ते मला कळवा. मंडळाचा हॉल मिळाला तर मी गाडीने येईन, चाचांनाही विचारते.